गिटारसाठी खणलेला खड्डा

गिटार गुणगुणते म्हणून मी घरामागे सहा फूट खड्डा खणला. मजूर लावून. त्यात जीआय पाइप उभा केला, मिठाचे आणि लाकडी कोळशाचे थर दिले, वरून चार बादल्या पाणी ओतलं आणि पाइपाची तार ओढून मी ज्या खोलीत वाजवतो तिथल्या बोर्डाला जोडली. हे सगळं मुंबईतल्या एका माणसाने फोनवर सांगितलं म्हणून. त्याचं नाव घेत नाही. लोक त्याला मास्तर म्हणतात, मीही म्हणायचो, इथेही तेच म्हणतो.

खड्ड्याची गोष्ट केनवडात आता सगळ्यांना माहीत आहे. फाट्यावर चहाला बसलो की कुणी ना कुणी विचारतंच, "काय गा, खड्डा वाजते का अजून?" विचारू द्या. पण माझी बाजू कुणी पूर्ण ऐकून घेतली नाही, म्हणून लिहितो. माझ्यासारखं वेड दुसऱ्या कुणाला लागलं असेल तर त्याचे पैसे तरी वाचतील.

बावीस वर्षं मी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली. एप्रिलमध्ये भीमगीतं, मग लग्नसराई, मग गणपती. त्यात गिटारचं काम काय असतं ते वाजवणाऱ्यांना माहीत आहे. ऑक्टोपॅड आणि कीबोर्डच्या मधल्या फटीत घुसायचं, तार जितकी चरचरीत वाजेल तितकी बरी. मऊ वाजवलं तर मंडपातल्या पहिल्या रांगेलाही ऐकू जात नाही. बावीस वर्षं मी तो चरचराट केला आणि त्यातच आनंद मानला.

मग पुण्याला शिकणाऱ्या पुतण्याने दिवाळीत मोबाईलवर एक जुनी रेकॉर्ड ऐकवली. शंकर-जयकिशनची, 1968 ची, 'रागा जॅझ स्टाइल'. अकरा राग, रईस खानांची सतार, सोबत सॅक्सोफोन, ट्रम्पेट, ड्रम. आणि त्यात दिलीप नाईक यांची गिटार. ती ऐकली आणि मी पुतण्याच्या हातातला मोबाईल काढूनच घेतला. सुराला टोक नव्हतं, पण प्रत्येक सूर वेगळा कळत होता. तारेवर कुणी घोंगडी टाकावी आणि आतून कुणीतरी अगदी स्पष्ट बोलत राहावं, तसं. या वयात, या गावात राहून मला तो आवाज हवासा झाला. त्यात चूक काय?

"जॅझ आपलं हाय का?" असं मला बरेच जण म्हणाले. आपलं कसं नाही? पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्रांनी 1951 साली 'अलबेला'मध्ये गोव्याच्या चिक चॉकलेटचा बँड थेट पडद्यावर आणला. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात किती गोवेकर वादक दिवसा रेकॉर्डिंग आणि रात्री हॉटेलात जॅझ असं जगले. आपल्या आजोबांनी टुरिंग टॉकीजमध्ये हाच आवाज ऐकलाय, फक्त त्याचं नाव त्यांना माहीत नव्हतं.

असो. पुतण्याच्या ओळखीतून मास्तरांचा नंबर मिळाला. बोलणं इतकं गोड की वाटावं, सख्खा भाचा बोलतोय. "काका, फळीच्या गिटारवर हा टोन येणारच नाही. पोकळ अंगाची पाहिजे, एफच्या आकाराच्या खाचांची. त्यावर दोन गुंडाळ्यांचा पिकअप. माझ्याकडे एक आहे. जपानी, सत्तरच्या दशकातली, वरचा घुमट अख्ख्या लाकडातून कोरलेला. पासष्ट हजार. तुमच्यासाठी म्हणून."

2021 चा पावसाळा होता. घरात आठ क्विंटल सोयाबीन राहिलं होतं आणि भाव कधी नव्हे तो नऊ हजारांच्या पुढे गेला होता. विकलं. पासष्ट हजार गिटारचे, वर साडेसात हजार एका 'जॅझ पेडल'चे, कारण त्याशिवाय "टोनला गोलाई येत नाही". पावती मागितली तर म्हणाले, "काका, आपल्यात पावती कसली?"

कुरिअरने पेटी आली. उघडली तर तारा सैल सोडलेल्या आणि ज्यावर तारा टेकतात तो लाकडी घोडा पेटीच्या तळाशी लोळत होता. वाटलं प्रवासात निखळला. कपाटात फेविकॉल होता. नीट पुसून, जुन्या डागाच्या अंदाजाने, मी घोडा चिकटवला.

हसणारे इथे हसतील. पण मला कुणी सांगितलं होतं की या जातीच्या गिटारचा घोडा कधीच चिकटवलेला नसतो? तो फक्त तारांच्या दाबावर उभा असतो. व्हायोलिनचा असतो तसाच. पासष्ट हजार घेणाऱ्याने एवढं एक वाक्य कागदावर लिहून पेटीत टाकायला हरकत नव्हती. माझा अंदाज पाव इंचाने चुकला आणि त्यानंतर बाराव्या पट्टीवरचा कुठलाच सूर खालच्या सुराशी जुळला नाही.

आणि ती गुणगुणायची. अँप्लिफायर लावला की एक जाड 'गूंऽऽ', आणि त्यावर बारीक 'झर्र'. मास्तरांना फोन केला. "काका, गावाकडची वीज. तुमची अर्थिंग खराब आहे. जॅझ टोन शांततेतून येतो." हे शेवटचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलं होतं, इतकं मला ते आवडलं. त्या वाक्यापायी खड्डा.

खड्ड्याने काहीच झालं नाही असंही नाही, खोटं कशाला बोलू? तारेला हात लावला की पूर्वी बोटाला मुंग्या यायच्या, त्या थांबल्या. 'झर्र' बरंचसं गेलं. 'गूं' मात्र तसंच राहिलं. मास्तर म्हणाले, "मीठ कमी पडलं असेल." मी आणखी मीठ टाकलं! बायको दारात उभी राहून बघत होती. बोलली काही नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

शेवटी गिटार घेऊन मोटार वायंडिंगच्या दुकानात गेलो. आमच्या भागात विहिरीवरच्या मोटारी जळतच असतात, तो पोरगा दिवसभर तांब्याच्या तारेतच बसलेला असतो. गिटारशी त्याचा संबंध नाही. म्हटलं, अर्थिंग तरी मीटर लावून बघेल. मी सोबत नेलेला छोटा अँप लावला. 'गूं' सुरू झालं. तो थोडा वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "काका, जरा तिकडं तोंड करा."

मी वळलो. आवाज कमी झाला.

"आता इकडं."

पुन्हा वाढला. त्याने मला त्या दुकानात, जळक्या मोटारींच्या मधोमध, गिटार गळ्यात घालून गोल फिरवलं. एका दिशेला तोंड असलं की 'गूं' जवळपास नाहीसं व्हायचं, पाव वळसा घेतला की परत भरून यायचं. दोन गिऱ्हाईकं बघत उभी होती. तो म्हणाला, "हे अर्थिंगचं नाही. अर्थिंगले काय समजते तुमचं तोंड कोणीकडं हाय ते? हे कॉइल पकडून राहिली. ते डबडं खोलू का?"

'डबडं' म्हणजे पिकअप. वर चकचकीत धातूचं झाकण, मास्तरांच्या म्हणण्याप्रमाणे आत दोन गुंडाळ्या. या दोन गुंडाळ्यांची युक्ती अशी की एक सुलट, एक उलट, आणि दोन्हींखालचे चुंबकाचे ध्रुवही उलटे. सेकंदाला 50 हेलकावे खाणारी आपली वीज जी गुणगुण पेरते ती दोन्हींत शिरते आणि उलट-सुलट होऊन एकमेकींना खाऊन टाकते. तारेचा आवाज मात्र दोन्हींतून बेरीज होऊन निघतो. सेथ लव्हर नावाच्या माणसाने गिब्सन कंपनीसाठी हे 1955 च्या सुमारास बसवलं आणि 1957 पासून ते त्यांच्या गिटारांवर आलं.

पोराने कडेचं डाख वितळवलं आणि पेचकसाने झाकण उचललं. आत एकच गुंडाळी. मधोमध, एका पट्टीसारखी. बाकीच्या जागेत प्लॅस्टिक.

"दोन म्हणत होते ना तुम्ही?" त्याने विचारलं. मी काहीच बोललो नाही. त्याने झाकण उलटं करून टेबलावर ठेवलं, त्यात नट-बोल्ट ठेवतात तसं. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, म्हणाला, "गुंडाळी चांगली हाय पण. केसावाणी तार हाय." मला धीर द्यायला बोलला असेल. मला आजही ते मोकळं प्लॅस्टिक दिसतं. आठ क्विंटल सोयाबीन आणि डबड्याच्या अर्ध्या जागेत प्लॅस्टिक.

रात्री फोन लावला. मी चढ्या आवाजात बोललो, मान्य आहे. मास्तरांनी आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "काका, वस्तू परत घेतली असती. पण तुम्ही घोडा चिकटवलात ना. आता ती छेडछाड झालेली वस्तू." मग थोडं थांबून, अगदी समजुतीच्या सुरात, "आणि खरं सांगू? तुमच्याकडे बँजो चालतो ना, तोच बरा."

बँजोला मी कमी लेखत नाही. बँजो पार्टीत हात साफ असावा लागतो. पण ते ज्या स्वरात म्हटलं गेलं तो स्वर बावीस वर्षं स्टेजवर काढलेल्या माणसाने ऐकून घ्यावा असा नव्हता. मी फोन ठेवला. त्याने तो आधीच ठेवला होता.

नंतर वर्षभर मी वाचलं, ऐकलं, पुतण्याला छळलं. एक गंमत कळली. 1970 च्या दशकातल्या बऱ्याच जपानी नकलांमध्ये दोन गुंडाळ्यांच्या झाकणाखाली एकच गुंडाळी बसवलेली असायची. म्हणजे मास्तर 'जपानी' म्हणाले ते बहुधा खरंच होतं! ज्या एका गोष्टीत माणूस खरं बोलला तिनेच माझा घात केला. दुसरं, घुमट अख्ख्या लाकडाचा नव्हता, थराथराचा होता. एफच्या खाचेच्या कडेला नीट बघितलं की थर दिसतात. पण तो दोषच नाही. जॅझवाल्यांची लाडकी गिब्सन ईएस-175, 1949 साली निघालेली, थरांच्याच लाकडाची. त्यामुळे मोठ्या आवाजात ती कमी शिट्ट्या मारते. आणि 1957 च्या आधीच्या ईएस-175 वर एका गुंडाळीचाच पिकअप असायचा, तोही गुणगुणायचा, आणि जगाने त्याच आवाजाला डोक्यावर घेतलं. म्हणजे खोटं बोलायची गरजच नव्हती. सरळ "एक गुंडाळी, थरांचं लाकूड, वीस हजार" म्हटलं असतं तर मी आनंदाने घेतली असती.

तर आता ज्यांना हा आवाज हवा आहे त्यांच्यासाठी.

आधी तारा. बाकी सगळं नंतर. ऑर्केस्ट्रात आपण 9 नंबरच्या तारा लावतो, म्हणजे पहिली तार इंचाचा 9 हजारांश जाड, वाकवायला सोपी. त्या तारांवर हा आवाज येत नाही, मग गिटार लाखाची असो. 12 चा संच घ्या, 12 ते 52, आणि तोही फ्लॅटवाउंड, म्हणजे वरची गुंडाळलेली तार चपटी, बोट फिरवलं तर काचेसारखी गुळगुळीत. बोट सरकताना येणारी 'चुंई' त्यानेच जाते. तिसरी तार गुंडाळलेलीच हवी, साधी नको. साधी तिसरी तार भरल्या मैफलीत ओरडणाऱ्या पोरासारखी वेगळी ऐकू येते. संच महाग पडतो, पण महिनोन्महिने टिकतो, आणि जुना झाला की आणखी चांगला वाजतो.

पण जाड तारा ओढतात. मास्तरांच्या गिटारवर 12 चा संच चढवल्यावर मान पुढे धनुष्यासारखी वाकली. मानेच्या आतली सळई आवळायला गेलो तर नट शेवटपर्यंत आधीच आवळलेला, पुढे फिरायला जागाच नाही. गिटार खरी मेली ती इथे, पिकअपमुळे नाही. जुनी गिटार घेताना विकणाऱ्याला तुमच्यासमोर तो नट पाव वळसा फिरवून दाखवायला सांगा. कां-कूं केली की उठा. स्वतः फिरवायचा झाला तर पाव वळशाहून जास्त एका दिवसात नाही, लाकडाला बसायला वेळ द्या. आणि वरच्या टोकाच्या पट्टीतल्या खाचा जाड तारेला अरुंद पडतात, तार तिथे अडकून 'टिंग' करत सुटते. खाचा घासायला माणूस हवा. कानशीने स्वतः करू नका.

घोड्याबद्दल मी बोलायचं म्हणजे… पण मीच बोललं पाहिजे. पोकळ गिटारच्या सगळ्या तारा एकदम काढू नका, एकेक बदला. त्याआधी घोड्याच्या दोन्ही बाजूंना कागदी चिकटपट्टी लावून पेन्सिलीने खूण करा. हललाच तर बाराव्या पट्टीवरचा हलका स्पर्शसूर आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर जुळेपर्यंत सरकवा. फेविकॉल कपाटातच राहू द्या.

पिकअप तपासायला शाळेतलं होकायंत्र पुरतं. झाकणावरून आडवं फिरवलं की दोन गुंडाळ्यांच्या पिकअपवर सुई दोन ओळींना उलट-सुलट वळते. नाहीतर माझ्यासारखं गोल फिरा, पण विकत घ्यायच्या आधी. पंख्याच्या रेग्युलेटरजवळ उभं राहून फिरलात तर दोन मिनिटांत खरं-खोटं कळतं.

आता जे मला सगळ्यात उशिरा कळलं ते. माझी जुनी फळीवाली गिटार, जिच्यावर हा टोन येणारच नाही असं मास्तर म्हणाले होते, तिच्यावर तो आला. पूर्ण नाही, पण डोळे मिटले तर मला पुरतो. तिच्यावर 12 च्या चपट्या तारा, मानेकडचा पिकअप, टोनचं बटण दहापैकी चारवर, आवाजाचं सातवर. कॅनडाच्या एड बिकर्टने वर्षानुवर्षं फेंडर टेलिकास्टरवर, निव्वळ फळीवर, इतका मऊ जॅझ वाजवला की न बघता कुणी ओळखणार नाही. जॅझ गिटारवादक जो पासची पहिली गाजलेली रेकॉर्ड 1962 ची, तीही फळीच्याच गिटारवर, कारण व्यसनमुक्ती केंद्रात त्याला तीच मिळाली होती. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर! ऑर्केस्ट्रातले आमचे जुने ढोलकीवाले काका म्हणाले होते, "कायले नवी घेतं, तार बदलून पाहय आधी." त्यांना जॅझ म्हणजे काय ठाऊक नव्हतं, म्हणून मी ऐकलं नाही. ते मास्तरांच्या खात्यात टाकता येत नाही.

अँपवर बास कमी करा, वाढवू नका. मानेकडचा पिकअप आधीच जाड असतो, वर बास दिला की सगळं गढूळ होतं. मधले सूर वर, ट्रेबल थोडा खाली. अँपचा आवाज मोठा ठेवा आणि हात हलका. मंडपवाल्याच्या मिक्सरमध्ये गिटारची पिन थेट खुपसू नका. गिटारचा पिकअप मिक्सरच्या लाइनला पेलत नाही, वरचे सूर मरतात आणि नुसता बोथट आवाज येतो. बोथट आणि मऊ यात फरक आहे, बोथटात शब्द कळत नाहीत. मध्ये डीआय बॉक्स लावा. आणि मंडपाच्या स्पीकरचा भोंगा, तो वरचा ट्वीटर, गिटारसाठी बंद करता आला तर करा. गिटारच्या अँपला तो नसतोच. साडेसात हजारांचं जॅझ पेडल मी नंतर निम्म्या किमतीत एका कीर्तनातल्या कीबोर्डवाल्याला दिलं. तो खूश आहे.

हात. जॅझ गिटारवादक वेस मॉन्टगोमेरी दिवसा कारखान्यात काम करायचा, रात्री सराव. शेजारी ओरडू नयेत म्हणून त्याने पिक टाकून अंगठ्याच्या मांसल बाजूने वाजवायला सुरुवात केली, आणि पुढे तोच त्याचा आवाज झाला. आमच्या घरात नऊनंतर सगळे झोपतात. मीही अंगठ्यावर आलो, आणि टोनमधला निम्मा फरक त्याने पडला असं माझं मत आहे. पिक वापरायचा तर जाड, दीड मिलिमीटरच्या वरचा. आणि कॉर्ड सहाच्या सहा तारांवर दाबू नका. तिसरा आणि सातवा सूर ठेवा, हवा तर मूळ सूर, बाकी सोडा. तीन तारांत जॅझ दिसतो, सहांत लग्नाची वरात.

बाकी नेहमीचं. घाई करू नका, वस्तू हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, पावती घ्या. हे सगळं मलाही माहीत होतं.

मास्तरांची गिटार भिंतीवर आहे, घोडा अजून चिकटलेला. दर दिवाळीला त्यांचा शुभेच्छांचा मेसेज येतो, पणत्यांचं हलणारं चित्र. माझा नंबर त्यांच्या यादीत आहे एवढंच. मी उत्तर देत नाही, नंबर काढूनही टाकत नाही.

गेल्या उन्हाळ्यात फ्रिज नवा घेतला. जुन्या फ्रिजच्या दाराला हात लावला की झटका बसायचा, नव्याला बसत नाही. बसवायला आलेल्या माणसाने बोर्डाला मीटर लावला आणि म्हणाला, अर्थिंग लय चांगली हाय तुमच्याकडं, कोणी केली? बायको आतून म्हणाली, "गिटारवाल्यानं."